नाथसागरातल्या बेटांचा नकाशा: क्यूजीआयएसचा आठ महिन्यांचा अनुभव

पैठण तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यालगत आमचे गाव आहे. 1976 साली जायकवाडी धरण पूर्ण झाले, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली आणि जे उंचवटे वर उरले त्यांची बेटे झाली. बेटे म्हणायची, पण हंगामी. पाणी ओसरले की त्यांतली कित्येक काठाला जोडली जातात आणि मधली गाळपेराची जमीन उघडी पडते. पेर कुठे, चराई कुठे आणि हे पक्षी अभयारण्य असल्याने कोणता भाग मोकळा सोडायचा, याचा कच्चा आराखडा आम्ही काही जणांनी ऑक्टोबर ते मे या काळात क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीवर तयार केला.

जुना गावनकाशा स्कॅन करून जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे नकाशा खऱ्या जागेशी जुळवणाऱ्या साधनात, बसवणे वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले. मात्र खुणेचे बिंदू पाण्यापासून दूर, म्हणजे जुन्या विहिरी किंवा तीन धुरे मिळतात ते कोपरे, असेच घ्यावेत. क्षेत्रफळाने मात्र दोन दिवस चकवले: नकाशातला माहितीचा थर अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत, होता आणि मी वापरलेले सूत्र त्याच एककात उत्तर देत होते. चूक माझीच होती. थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात नेल्यावर गुंठ्यांचा हिशेब जुळला.

खरा उपयोग झाला तो पाण्याची कड काढताना. सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि त्यांच्या हिरव्या व निकट-अवरक्त रंगपट्ट्यांतला एक ठिपका 10 मीटरचा असतो. या दोन पट्ट्यांवरून काढलेला जलनिर्देशांक पाणी आणि जमीन बऱ्यापैकी वेगळी करतो. तरीही पाण्यावर पसरलेली वनस्पती त्याला जमीन वाटते, आणि ओल्या गाळापाशी तो अडखळतो. आमच्या नकाशात अशीच एक जागा बेट म्हणून आली होती. मासेमारी करणाऱ्या एका काकांनी ती पाहून, ‘इथं तर माझं जाळं असतं,’ असे सांगितल्यावर ती खोडली.

उंचीच्या बाबतीत माझी निराशा झाली, पण तो दोष प्रणालीचा नाही. एसआरटीएम या अवकाशयान-मोहिमेतली जमिनीची उंची फेब्रुवारी 2000 मध्ये रडारने मोजलेली आहे आणि रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही. त्या वेळी जे पाण्यात होते ते या माहितीत सपाटच येते. फुगवट्याचा उतार इतका मंद आहे की पातळीत एका मीटरचा फरक पडला तरी कड खूप सरकते. म्हणून वेगवेगळ्या तारखांच्या कडा एकावर एक ठेवून आम्ही उताराचा अंदाज बांधला, आणि हीच युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

छापील प्रतीवर पहिल्यांदा ‘बेटाची हद्द’ अशी एकच जाड रेघ होती. आता ती काढून टाकली आहे. प्रत्येक रेघेशेजारी चित्राची तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पातळी फुटांत लिहितो, कारण गावात 1522 फूट म्हणजे धरण भरले हे सगळ्यांना ठाऊक आहे.