साताऱ्यात लग्नपत्रिका छापून घेतल्या, त्याचा अनुभव

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका राजवाड्याजवळच्या एका गल्लीतल्या छोट्या प्रेसमध्ये छापून घेतल्या. कागद बरा, सोनेरी फॉइल सुमार, वेळेच्या नावानं बोंब. पण मजकूर असा जुळवून दिलाय की मुलाकडच्या आजोबांनी मुद्दाम फोन करून पत्रिका कुणी लिहिली म्हणून विचारलं. खाली तक्रारी आहेत, म्हणून प्रेसचं नाव लिहीत नाही.

हल्ली बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर तयार नमुने दाखवतात. नाव, मुहूर्त, कार्यालय भरलं की झालं. इथले काका आधी कोरा कागद पुढ्यात घेतात आणि विचारत सुटतात. कुलदैवत कोणतं? आमचं शिंगणापूर, म्हणून ‘श्री शंभू महादेव प्रसन्न’. मुलाकडचा पालीचा खंडोबा. दोन्ही एका ओळीत, एका मापात. एक वर, एक खाली नको. “रुसवे तिथनंच सुरू होतात, ताई.” चुलत्यांची नावं वयानं लावली, कै. कुणाच्या नावाआधी येतं ते दोनदा विचारून घेतलं. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ ही किलबिलसुद्धा सोडली नाही, मग त्यातला एक ‘बच्चा’ बारावीला असला म्हणून काय झालं.

पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर मुलीला पाठवलं आणि पुण्याहून लगेच फोन. “आई, शेवटी ‘लोभ असावा’ काय लिहिलंय? लोभ म्हणजे हाव ना? ‘प्रेम असावे’ करा.” तिचंही चूक नाही. शाळेत षड्रिपू पाठ केले, काम, क्रोध आणि तिसरा लगेच लोभ. मी फोन स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, “बाळ, तुझ्या आज्जीचा तुझ्यावर लोभ होता का नव्हता?” होता म्हणाली. “मग ती हाव होती का?” पोरगी हसली, पण हट्ट सोडला नव्हता.

काकांना मोडी येते, जमिनीचे जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडं येतात. त्यांनी सांगितलं की जुन्या पत्रांत ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’ हा शेवट ठरलेलाच असे. छत्रपतींकडून सुटलेली पत्रं मात्र ‘जाणिजे’, ‘सुज्ञ असा’ अशी संपतात. हुकूम देणारा कशाला कुणाचा लोभ मागेल? १७०८ पासून शाहू महाराजांची गादी असलेल्या गावात बसून हे ऐकायला मला मजा आली. आणि खरंच, आपण सहसा ‘माझा तुझ्यावर लोभ आहे’ असं तोंडावर म्हणत नाही. ‘मामांचा आमच्यावर फार लोभ’ म्हणतो, नाहीतर ‘लोभ आहेच, तो वाढावा’ म्हणून मागतो. मोठ्यांनी करायचा, धाकट्यांनी राखायचा. कुणाला लोभी म्हटलं तर भांडण होईल, त्याच्या बाळाला लोभस म्हटलं तर चहा मिळेल. ‘कृपा असावी’ देवाला किंवा साहेबाला. ‘स्नेह’ पतसंस्थेच्या दिवाळी शुभेच्छांना शोभतो. ‘प्रेम असावे’ तर पाचशे घरांत वाटायच्या कागदावर मला तरी कसनुसंच वाटलं. शेवटी ‘लोभ असावा’च राहिलं. मुलीची एक अट मानली, अक्षर थोडं बारीक केलं.

खरी नजर मात्र पुढं दिसली. प्रेसमधल्या संगणकावरच्या मुलानं ‘लोभ असावा’च्या बरोबर खाली ‘आहेर आणू नये’ बसवलं होतं. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, लोक हसतील की.” आहेराची ओळ पार डाव्या कोपऱ्यात गेली. तयार नमुन्यांत हे कोण बघतं?

आता तक्रारी. शब्द दिलेल्या दिवशी पत्रिका तयार नव्हत्या, ‘उद्या या’ पुन्हा पुन्हा ऐकलं. गावाकडच्या पत्रिका त्यामुळं एसटीनं पाठवायच्या राहिल्या, दिरांना मोटरसायकलवर हिंडावं लागलं. गणपतीवरचं फॉइल बोटाला लागतं. हळदीकुंकू लावताना तर अंगठ्यावरच आलं. पाकिटांचा डिंक कुचकामी, घरी बसून आम्ही फेविकॉल लावला. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. दर पाकिटासकट नगाला बावीस रुपये, मजकूर लिहून देण्याचे वेगळे काही घेत नाहीत.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा, सकाळी काका नसतात आणि तो मुलगा तयार नमुनाच पुढं करतो. फॉइल घेऊ नका, साध्या लाल-पिवळ्या छपाईची पत्रिका त्यांच्याकडं जास्त चांगली निघते. तारीख सांगताना खरी गरज असेल त्याच्या आठवडाभर आधीची सांगा, आणि पाकिटं तिथंच मोजून घ्या. आम्हाला वीस कमी निघाली, ती नंतर विनातक्रार दिली.