भावनांची कार्डं: चेहरे बरे, शब्द भलतेच

दुसरीच्या वर्गासाठी भावना ओळखायच्या कार्डांचा हा संच मागवला आणि शाळेची दोन सत्रं रोज वापरला. डब्यात चेहऱ्यांची 36 कार्डं, 4 कोरी कार्डं, भिंतीवर लावायचा तक्ता, मुलांच्या नावांसाठी लोहचुंबकाच्या पट्ट्या, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाईंसाठी पुस्तिका.

पहिल्याच दिवशी गाडी अडली ती शब्दांवर. कार्डांवर छापलंय ‘निराश’, ‘चिंताग्रस्त’, ‘उत्साहित’. सात वर्षांचं कुठलं मूल ‘बाई, मी चिंताग्रस्त आहे’ म्हणतं? ते म्हणतं ‘कसंतरी होतंय’, नाहीतर ‘पोटात दुखतंय’. एका रविवारी बसून मी सगळ्या कार्डांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या: हिरमुसलो, धाकधूक होतेय, वैतागले, खट्टू झालो. रुसव्याचं तर कार्डच नव्हतं! राग आहे, दुःख आहे. पण कुणीतरी येऊन समजूत काढावी म्हणून तोंड फिरवून बसणं यातल्या कशातच बसत नाही. आणि दुसरीतली निम्मी भांडणं तिथेच अडकलेली असतात.

पट्ट्या लावल्यावर मात्र कार्डं चालायला लागली. एका मुलाचं मधल्या सुट्टीनंतर रोज पोट दुखायचं. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. मी विचारलं की तो खाली बघायचा. एक दिवस त्याने ‘धाकधूक’ काढून माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि जागेवर जाऊन बसला. सुट्टीनंतरचा तास प्रकट वाचनाचा होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. आता तो शेजाऱ्याबरोबर जोडीने वाचतो. पोट अजून दुखतं अधूनमधून, पण रोज नाही. (ते दुखणं खोटं नसतं बरं का. भीतीने पोट खरंच ढवळतं.)

तक्ता आठवडाभरात उतरवला. रोज सकाळी आपली पट्टी आपल्या भावनेवर लावायची, अशी कल्पना. तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी एकीने ‘दुःखी’वर लावली, मागून कुणीतरी ‘रडूबाई’ म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग ‘आनंदी’! तीसच्या तीस पट्ट्या. ‘किळस’ हे कार्डही मी काढून ठेवलंय. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूळ भावनांत किळस आहे, म्हणून ते संचात असणार. पण मुलं ते एकमेकांच्या तोंडासमोर धरायला लागली.

पुस्तिकेचा दावा असा की भावनेला नाव दिलं की मूल मिनिटभरात शांत होतं. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा 2007 सालचा प्रयोग याच विषयावरचा आहे: चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, सक्रियता कमी होते. पण त्यात मोठी माणसं होती, आणि त्यांची पेन्सिल कुणी हिसकावून घेतलेली नव्हती. रागाने थरथरणाऱ्या मुलापुढे कार्डांचा गठ्ठा धरला तर तो गठ्ठा उडतो, हे मी स्वतः वेचून बघितलंय. आधी वाळूचं घड्याळ, तेही दोन-तीनदा उलटून, आणि वाळू बघत लांब उच्छ्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. कार्ड त्यानंतर, कधीकधी दुसऱ्या दिवशी.

पुठ्ठा जाड आहे, तरी कोपरे सुटलेत. घ्यायचा तर कार्डांसाठी आणि घड्याळासाठी घ्या.

कोरी कार्डं सगळ्यात आधी संपली. एकीने त्यावर चेहरा काढलाच नाही, नुसतं लिहिलं: ‘मला खेळायला घेतलं नाही’. ते कार्ड आतापर्यंत पाच जणांनी माझ्या टेबलावर ठेवलंय.