घरपोच समुद्र : ताळगावातील सागरी मत्स्यालय-सेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही गोव्यातील ताळगावात, आमच्या सदनिकेत खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बसवून घेतले. काचेची टाकी, स्टँड, नळजोडणी, पाणी, मासे आणि नंतरची दर पंधरवड्याची देखभाल असे सगळे काम तिसवाडीतील एकाच दुकानाने घेतले होते. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझ्या घरात घडली असली, तरी समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणणाऱ्या कोणाच्याही हातून ती घडू शकते. चौदा महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की या दुकानाचे काचकाम आणि नळकाम उत्तम आहे, मासे विकण्यातला प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे, आणि पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, म्हणजे सम्प, आहे. दगड आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा केल्यावर दोन्ही टाक्यांत मिळून साधारण २०० लिटर पाणी मावते. सर्व सामानासह ७८ हजार रुपये आणि देखभालीचे महिन्याला अठराशे रुपये असा व्यवहार ठरला. एवढ्या टाकीचे वजन तीनशे किलोंच्या वर जाते, हे दुकानदारानेच आधी सांगितले आणि बाल्कनीतील जागा रद्द करून टाकी दिवाणखान्यात, तुळईच्या रेषेवर ठेवायला लावली. विजेच्या प्रत्येक तारेला त्याने प्लगच्या खालून वळसा दिला आहे, त्यामुळे तारेवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकते. खाऱ्या पाण्याच्या टाकीभोवती मिठाची पांढरी साय सगळीकडे चढते, आणि हा वळसा किती मोलाचा आहे हे ती पुसताना कळते.

प्रोटीन स्किमरबद्दलही तक्रार नाही. या यंत्रात पंप हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करतो, माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये त्या बुडबुड्यांना चिकटतात, आणि वरच्या कपात काळपट, दुर्गंधीयुक्त फेस जमा होतो. पहिले दहा-बारा दिवस त्यात काहीच जमले नाही, तेव्हा यंत्र सदोष असल्याची शंका मला आली होती, पण नवे स्किमर रुळायला तेवढा वेळ लागतो. त्याची अखंड गुळगुळ मात्र झोपण्याच्या खोलीत सहन होणार नाही.

टाकी भरल्यावर मासे सोडण्यापूर्वी दुकानाने पाच आठवडे थांबायला लावले, आणि याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. या काळात दगडांवर आणि वाळूत जिवाणूंची वस्ती तयार होते. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तर काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये. या जिवाणूंना पहिले खाद्य म्हणून टाकीत एक सोललेले सुंगट, म्हणजे कोळंबी, टाकायचे होते. हुमणात (माशांच्या आमटीत) जायचे सुंगट तीन आठवडे पाण्यात कुजत ठेवलेले पाहून सासूबाईंनी या प्रकल्पाविषयी जे मत बनवले, ते अद्याप बदललेले नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे टेस्ट किटवर दाखवल्यानंतरच, म्हणजे मार्चच्या आरंभी, त्यांनी हॅचरीत वाढवलेले दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक क्लीनर झिंगा आणि पाच टर्बो गोगलगायी आणून दिल्या.

मुलाला निळा सर्जनफिश हवा होता. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते, म्हणून तीन फुटांच्या टाकीसाठी तो विकण्यास दुकानदाराने साफ नकार दिला. प्रवाळाचे खडकही त्याने ठेवलेले नाहीत. टणक सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे ‘अस्सल लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी समुद्रातून काढलेला प्रवाळ-खडक देऊ लागला, तर ग्राहकानेच मागे फिरावे. आमच्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आहेत. ते आरंभी दवाखान्यातील टाइल्ससारखे दिसत होते, आता त्यांवर जांभळट शैवाल चढल्याने बरे दिसतात.

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी त्यांनी महागडा चिलर गळ्यात न मारता पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन लहान पंखे दिले. एप्रिलमध्ये त्यांनी तापमान दोन अंशांनी उतरत असे. मेच्या अखेरीस हवा इतकी दमट झाली की पाण्याचे बाष्प होईना आणि एक अंशही उतरेना. तो पंधरवडा आम्ही खोलीतील एसीवर निभावला. पंख्यांमुळे दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडते आणि क्षार मात्र टाकीतच राहतात. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच घालावी लागते. चार लिटरची भर एक दिवस चुकली तरी क्षारता, म्हणजे एक किलो पाण्यातील क्षारांचे ग्रॅम, ३५ वरून ३५.७ वर जाते आणि आठवडाभर गावी गेल्यास चाळिशी ओलांडते. भर घालण्यासाठी घरातील आरओचे पाणी वापरा, असे देखभालीला येणाऱ्या मुलाने सांगितले होते. हा सल्ला अर्धवट होता. पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. ती बंद करून घेईपर्यंत आमच्या वाळूवर तपकिरी थर येत राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. करारानुसार दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा, म्हणजे ४० लिटर पाणी बदलायचे होते, आणि त्यासाठी दुकान दोना पावलाच्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून, गाळून आणत असे. जानेवारी ते मे या व्यवस्थेत काहीच वावगे नव्हते. त्या काळात आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता ३५ च्या जवळपास असते. पण दोना पावला हे मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधले टोक आहे. मृग कोसळला की दोन्ही नद्या घाटापासूनचे पाणी खाली आणतात. हे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्याच्या वर पसरते, आणि कॅन बुडवणाऱ्याचा हात वरच्या थरापर्यंतच पोहोचतो. भर पावसाळ्यात या मुखांजवळच्या पृष्ठभागाची क्षारता निम्म्याखाली जाते. जेथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे, त्याच टेकडीच्या पायथ्याशी आमचा समुद्र अंदाजाने भरला जात होता.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असे तीन वेळा पाणी बदलले गेले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गोगलगायी काचेवरून खाली पडल्या त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लीनर झिंगा गेला. मी दुकानात फोन केला तेव्हा त्यांनी माणूस लगेच पाठवला, हे खरे. त्याने आपल्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये, म्हणजे पाण्याचे विशिष्ट गुरुत्व दाखवणाऱ्या साधनात, पाणी भरले, काटा १.०२५ वर, म्हणजे समुद्राच्या नेहमीच्या पाण्याच्या आकड्याजवळ, स्थिरावला, आणि “मासे बरे आहेत, मग पाणी बरेच असणार” असे सांगून तो निघून गेला.

या वाक्यातील तर्कच चुकीचा आहे, आणि सर्व दोषांत मला तोच गंभीर वाटतो. हाडांचे मासे आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतः राखू शकतात, म्हणून क्षारता बरीच उतरली तरी ते काही काळ तग धरतात. झिंगे, गोगलगायी आणि इतर अपृष्ठवंशी जीवांच्या शरीरातील क्षार बाहेरच्या पाण्याबरोबर चढतात-उतरतात. त्यामुळे बिघाडाची पहिली बातमी तेच देतात, बहुधा मरून. क्लाउनफिश खाऊन-पिऊन ठणठणीत होते, कारण त्यांच्याकडून उत्तर मिळणारच नव्हते.

मग मी दोन हजार रुपयांना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता मोजणारे साधन, आणि त्यासोबत ३५ क्षारतेचे प्रमाण-द्रावण मागवले. हे द्रावण घेणे आवश्यक आहे; केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवले तर खाऱ्या पाण्याच्या मोजमापात चूक राहू शकते. टाकीतील पाण्याची क्षारता २५.५ निघाली, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०१९. बाल्कनीत राहिलेल्या कॅनमधले पाणी मोजले तर ते १४ भरले. हायड्रोमीटरचा काटा खोटे का बोलला, हेही मग उमजले : झुलत्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की तो वर तरंगतो आणि पाणी आहे त्याहून खारे दाखवतो. काटा बोटाने टिचकी मारून बुडबुडे झटकणे एवढेच करायचे असते, पण ते कोणी करत नव्हते.

दुकानदाराशी बोलणे सभ्यपणे झाले. त्यांनी आकडे पाहून चूक मान्य केली, झिंगा आणि गोगलगायी बदलून दिल्या, पण महिन्याचे पैसे परत करण्यास नकार दिला. क्षारता पूर्ववत करण्याचा त्यांचा सल्ला योग्य होता : दिवसाला एक अंकापेक्षा अधिक चढवायची नाही, आणि त्यासाठी रोजची भर काही दिवस गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याने घालायची. आम्हाला पूर्ण दोन आठवडे लागले, आणि नवा झिंगा त्यानंतरच टाकीत आला.

तेव्हापासून मी विकतचे सागरी मीठ वापरते. ४० लिटरना सुमारे दीड किलो मीठ लागते, त्यामुळे २० किलोंची पिशवी सहा महिने पुरते. शुद्ध पाण्यात मीठ टाकायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही, आणि पंप लावून रात्रभर ढवळत ठेवायचे. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी आठवडाभरात दगड होते. म्हणून ती येताच घट्ट झाकणाच्या पिंपात रिकामी करावी. आणखी एक गोष्ट करारात असायला हवी होती आणि नव्हती : ऑगस्टमध्ये एकदा पाच तास वीज गेली तेव्हा पाणी हलते ठेवायला घरात काहीच नव्हते, आणि मुलाने व मी आळीपाळीने भांड्याने पाणी उपसून वरून ओतले. बॅटरीवर चालणारा एअर पंप काही शे रुपयांत मिळतो.

जानेवारीत करार नव्याने केला तो केवळ पंप, स्किमर आणि नळ साफ करण्यापुरता, महिन्याला अकराशे रुपयांत. पाणी मी स्वतः तयार करते. टाकी बसवून घ्यायची असेल तर हे दुकान मी निःशंकपणे सुचवेन. देखभालीसाठी सुचवताना पाणी कोठून, कोणत्या महिन्यात आणि कशाने मोजून आणता, हे लेखी विचारून घ्या असे सांगेन. देखभालीला तोच मुलगा येतो. त्याच्याजवळ हायड्रोमीटरही तोच आहे, मात्र आता तो काट्याला टिचकी मारतो आणि मग माझा रिफ्रॅक्टोमीटर मागून घेऊन दोन्ही आकडे स्वतःच्या वहीत लिहितो.