ईएमआर की ईएसडी: सुरुवातीचा कर्करोग दुर्बिणीतून काढताना

अन्ननलिका, जठर किंवा मोठ्या आतड्यातला कर्करोग अजून आतल्या अस्तरापुरताच असेल, तर पोट न उघडता एंडोस्कोपीनेच तो काढता येतो. मार्ग दोन: ईएमआर (एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन, म्हणजे फासाने अस्तर कापून काढणं) आणि ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन, म्हणजे अस्तराखालचा थर सुरीने सोडवत काढणं). दोन्हींत आधी गाठीखाली द्रव टोचून अस्तर फुगवतात, म्हणजे खालचा स्नायूंचा थर लांब राहतो.

ईएमआरमध्ये त्या फुगवट्याभोवती तारेचा फास टाकायचा, आवळायचा आणि विजेच्या प्रवाहाने कापायचं. काम झटपट होतं. अडचण आकाराची आहे: साधारण 2 सेंटीमीटरपर्यंतची गाठ एकसंध निघते, त्याहून मोठी असली की तुकडे करावे लागतात. तुकडे जोडून कडा पूर्ण निघाल्या का, हे पॅथॉलॉजिस्टने कसं सांगावं? शिवाय त्याच जागी गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता वाढते.

ईएसडी 1990च्या दशकात जपानमध्ये घडली. गाठीभोवती खुणा करून बारीक विद्युत-सुरीने कडेने चिरत, मग खालचा थर मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवत अख्खी चकती काढतात. वेळ मात्र कधीकधी तासन्‌तास जातो, आणि आतड्याच्या किंवा जठराच्या भिंतीला भोक पडण्याचा धोकाही ईएमआरपेक्षा जास्त. हात बसायला वर्षं लागतात.

लहान गाठीला ईएमआर पुरे. पण मोठी, किंवा खोल गेल्याची शंका असलेली गाठ माझ्या मते सरावलेल्या हातांकडून ईएसडीनेच काढावी. तपासणीत ती खरंच खोल निघाली, तर कर्करोग जवळच्या लसिका ग्रंथींत पसरलेला असू शकतो, म्हणून त्या काढायला शस्त्रक्रिया बहुधा करावीच लागते.