बारावी आणि बीए 14 महिन्यांत देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

पोस्ट लांब होईल पण वाचा, खास करून ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलंय त्यांनी. माझी दहावी झाली, अकरावीला असताना लग्न ठरलं आणि ते तिथेच राहिलं. आता पुण्यात दापोडीत राहते, एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम करते, मागच्या वर्षी सरांनी सांगितलं की पुढची पोस्ट हवी तर ग्रॅज्युएशन पाहिजे.

अप्पा बळवंत चौकाजवळ एका गाळ्यावर बोर्ड होता, नापास विद्यार्थ्यांचं वर्ष वाचवा, वगैरे. आत गेले तर माणूस एकदम गोड बोलणारा, ताई ताई करत चहा मागवला, म्हणाला बारावी 2 महिन्यात, बीए वर्षभरात, दोन्ही दिल्लीच्या मान्यताप्राप्त बोर्डाचं, टोटल 38 हजार. बीए 3 वर्षांचं असतं ना, असं मी विचारलं पण होतं. तर म्हणे ॲडमिशन मागच्या तारखेने दाखवतो, सगळेच करतात. तिथेच उठायला पाहिजे होतं मी. पण वय 27, घरी मुलगी लहान, 3 वर्षं कुठून काढू असं वाटलं आणि बारावीचे 22 हजार तिथल्या तिथे जीपे केले. पैसे गेले त्याच्या पर्सनल नंबरवर, पावती मिळाली क्लासच्या नावाची, बोर्डाचं नाव कुठेच नाही.

परीक्षा त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झाली. आम्ही 6 जण, गाइड समोर उघडं ठेवलेलं. महिन्याने मार्कशीट आली, 74 टक्के, घरी पेढे वाटले सासूबाईंनी.

बीएसाठी त्याला अजून पैसे देण्याआधी नवरा म्हणाला साध्या कॉलेजात विचारून बघ, म्हणून एका कॉलेजात एफवायला गेले. क्लार्क मॅडमनी मार्कशीट उजेडात धरली, होलोग्रामचा स्टिकर नखाने उचलला तर तो सरळ निघून आला, खाली नुसता कागद. मग कॉम्प्युटरवर बघून हळूच म्हणाल्या, हे बोर्ड यादीतच नाही, एलिजिबिलिटी होणार नाही तुमची. बाहेर येऊन पायरीवर बसले, रडूच आलं.

त्याच मॅडमनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर! दहावी झालेली असेल तर आपल्याच राज्य बोर्डाची बारावी बाहेरून देता येते, 17 नंबर फॉर्म म्हणतात त्याला, बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं ज्युनियर कॉलेजला द्यायची. बोर्डाचं ऑफिस शिवाजीनगरला, बालचित्रवाणीजवळ, मी त्या बाजूने कितीदा गेलेय. दुसरा रस्ता एनआयओएसचा, ते केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि 5 वर्षांत 9 वेळा बसता येतं, म्हणजे एखादा विषय राहिला तरी घाबरायचं कारण नाही. पुढे डिग्रीला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, दिल्लीचं इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी करून करता येतं. यात कुठेही फी एजंटच्या खात्यात जात नाही. आणि विद्यापीठ खरं की खोटं हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, साइटवर दिसतं, खोट्या विद्यापीठांची यादीच असते तिथे.

पोलीस चौकीत अर्ज दिलाय, मार्कशीटची झेरॉक्स आणि जीपेचे स्क्रीनशॉट जोडलेत. त्या माणसाने 5 हजार परत केले, आता फोन उचलत नाही. गाळा अजून चालू आहे. मी 17 नंबर भरलाय, फेब्रुवारीत परीक्षा.

पोटमाळ्यावर माझ्या शेजारी हडपसरची एक मुलगी बसली होती, आईने बांगड्या गहाण ठेवून पैसे दिले होते, बारावी झाली की नर्सिंगला जाणार म्हणत होती. तिचा नंबर मी घेतला नाही याचं फार वाईट वाटतंय. कुणाच्या ओळखीत असेल तर तिला हे दाखवा, आणि ती मार्कशीट घेऊन अजून कुठे फी भरली नसेल तर भरू नकोस म्हणावं, आधी मला मेसेज कर, अर्जावर तुझंही नाव घालू.