टिळकवाडीतला वीकेंड कोर्स, ‘धर्म, कट्टरता आणि परराष्ट्र संबंध’: फी वसूल, नोट्स बेकार

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली थोडं वाकडंही लिहिणार आहे आणि बेळगाव लहान आहे. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, केएएस (कर्नाटकची राज्यसेवा)-यूपीएससी करणाऱ्या पोरांना एवढ्यावरून कळेल. शनिवार-रविवार संध्याकाळी असतो, फी १८००, आणि शिकवतात मराठीतून. हे शेवटचं फार मोठं आहे, कारण आपल्याकडे बॅच मिळते ती कन्नडमधून नाहीतर इंग्लिशमधून, आणि खानापूर-निपाणीकडचं मराठी शाळेतलं पोरगं मागं बसून नुसती मान हलवतं. हे सर भर वर्गात "काय बोलालाय गा तू, जरा मोठ्यानं बोल की" म्हणतात, त्यामुळं विचारायची भीती राहत नाही.

मला वाटलेलं टीव्हीवरच्या डिबेटसारखं असणार, कुठला धर्म जास्त कडवा ह्यावर आरडाओरडा. तसलं अजिबात नाही. सरांचा एकच प्रश्न आहे, जगातल्या प्रत्येक भांडणाला तोच लावतात, की ही गोष्ट वाटून घेता येते का? जमीन वाटता येते, पाणी वाटता येतं, खुर्च्या वाटता येतात. पण त्याच जमिनीवर कुणीतरी देवाचं नाव घातलं की एक वीत सोडणंसुद्धा पाप होतं, आणि जो सोडायला तयार होतो त्याला पहिला त्याच्याच घरचा माणूस मारतो. हे ऐकायला सोपं वाटतं पण उदाहरणं लावायला लागले की डोकं चालायला लागतं.

इजिप्त-इस्रायल घ्या. १९७९ चा करार सिनाईच्या वाळवंटावर झाला, ते परत देता येत होतं म्हणून झाला. १९८१ च्या ६ ऑक्टोबरला लष्करी संचलन चालू असताना इजिप्तचे अध्यक्ष सादातना त्यांच्याच सैन्यातल्या कट्टर लोकांनी गोळ्या घातल्या, तरी करार टिकला आणि १९८२ च्या एप्रिलमध्ये सिनाई जवळजवळ पूर्ण परत मिळालं. आता ह्याच्यासमोर जेरुसलेम ठेवा. २००० च्या जुलैमध्ये कॅम्प डेव्हिडला इस्रायल-पॅलेस्टिनी बोलणी फिस्कटली, त्यात अडलेल्या मोठ्या गोष्टींपैकी एक होती ती टेकडी, ज्यूंचं प्राचीन मंदिर जिथं होतं आणि अल-अक्सा मशीद जिथं आहे ती. आमच्यात भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात पन्नास वर्षं जातात पण शेवटी मोजणीवाला येतो, तिथं मोजणीवाला बोलवायचा तरी कुणी?

मधल्या काळातलं सरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात भारी वाटलं. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला ऑस्लो करार १९९३ चा. १९९४ च्या फेब्रुवारीत हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू कट्टरवाद्यानं नमाज पढणारे २९ लोक मारले, १९९५ च्या नोव्हेंबरात इस्रायलचे पंतप्रधान राबीनना तेल अवीवमध्ये शांततेच्याच सभेनंतर एका ज्यू तरुणानं मारलं, आणि १९९६ च्या सुरुवातीला हमासनं बसेस उडवल्या, लगेच मे महिन्यात निवडणूक आणि नेतन्याहू थोडक्यात निवडून आले. दोन्हीकडचे कडवे लोक एकमेकांशी न बोलता एकाच कामाला लागलेले, सही झालेला कागद फाडायच्या. सर म्हणाले, कट्टर माणसाला समोरच्या कट्टर माणसाची तेवढी भीती नसते, त्याला आपल्यातल्या तडजोड करणाऱ्याची भीती असते. हे मी वहीत दोनदा अंडरलाइन केलंय.

मग उत्तर आयर्लंड, तिथं भांडण ब्रिटनमध्ये राहायचं का आयर्लंडला जोडायचं ह्यावरून. १९९८ च्या एप्रिलमध्ये गुड फ्रायडे करार, आणि चारच महिन्यांत ऑगस्टमध्ये ओमा नावाच्या गावात करार न मानणाऱ्या फुटीर गटाचा बॉम्ब, २९ माणसं गेली. हेब्रॉनचाच आकडा, पण इथं करार मोडला नाही. का? तर करारावर मे महिन्यातच लोकांचं मतदान घेतलेलं, उत्तरेत ७१ टक्के हो म्हणाले होते, बंदूकवाल्यांचा (आयआरएचा) राजकीय पक्ष आधीच टेबलावर आणून बसवलेला, आणि मुख्य म्हणजे तिथल्या माणसाला ब्रिटिश म्हणवून घ्यायचं का आयरिश का दोन्ही, हे त्याच्यावर सोडलेलं. म्हणजे जी गोष्ट वाटता येत नव्हती तिला वाटण्याजोगी केली. एवढ्या एका तासासाठी १८०० दिले असं मी समजतो.

इथं एका पोरानं हात वर केलाच, सर मग आपला सीमाप्रश्न? सगळा वर्ग जागा झाला. सरांनी दोन वाक्यांत आटपलं, की हा महाराष्ट्र-कर्नाटक ह्या दोन राज्यांचा वाद आहे, देशादेशांचा नाही, आणि केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात गावांच्या याद्या आहेत बघा, पटो न पटो पण याद्या करता येतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, देवाचं नाव कुणी घातलेलं नाही, पुढं चला. मला पटलं पण अजून पाच मिनिटं द्यायला हवी होती, आपल्यासमोर एवढं जिवंत उदाहरण असताना.

१९७९ सालावर वेगळा दिवस ठेवलाय आणि तो चुकवू नका. फेब्रुवारीत इराणची क्रांती, नोव्हेंबरात तेहरानमधली अमेरिकन वकिलात ताब्यात, त्याच महिन्यात मक्केची मोठी मशीद बंदूकधाऱ्यांनी धरली. ती धरणारे सौदी राजघराण्यावरच उठलेले कट्टर लोक, पण अफवा पसरली अमेरिकेनं केलं म्हणून आणि दुसऱ्या दिवशी इस्लामाबादमध्ये जमावानं अमेरिकन वकिलात जाळली. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा, हे लक्षात घ्या. आणि डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात. तिथून पुढं अमेरिका आणि सौदीचा पैसा, पाकिस्तानचे लष्करशहा झिया आणि त्यांची गुप्तचर संस्था आयएसआय, सोव्हिएतांशी लढणारे मुजाहिदीन, ही साखळी सर तारखेनिशी लावतात. मुद्दा हा की कट्टर गट गल्लीत असतातच, त्यांना देशाबाहेर नेतं ते कुठल्यातरी सरकारला त्यांचा उपयोग दिसतो म्हणून.

भारत-पाकिस्तानवर वर्ग तापतो हे सांगायला नको. आमच्या बॅचला एक रिटायर्ड सुभेदार मामा यायचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, पोराची फी भरली आणि स्वतःच येऊन बसायला लागले. लाहोर बस फेब्रुवारी १९९९, त्याच वर्षी कारगिल, त्याच डिसेंबरात कंदाहारचं विमान अपहरण, हे सर सांगत असताना मामा म्हणाले, "सर, बस गेली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या बरं का." सरांनी तिथंच २००७ चा समझोता एक्स्प्रेसमधला (दिल्लीहून पाकिस्तानकडं जाणारी गाडी) बॉम्बस्फोट घेतला, ६८ लोक गेले, बहुतेक पाकिस्तानी, आणि तरी त्यांचे परराष्ट्रमंत्री ठरल्याप्रमाणं दिल्लीला आले. पावणेदोन वर्षांनी २६/११ झालं आणि बोलणी थांबली, २०११ मध्ये परत सुरू झाली तरी पहिल्यासारखी रुळली नाहीत. पाकिस्तानातल्या करतारपूर गुरुद्वाऱ्याचंही सांगितलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पुलवामा-बालाकोटच्याच वर्षी, सीमा जिथल्या तिथं ठेवून यात्रेकरूंना व्हिसाशिवाय रस्ता उघडला. मे २०२५ मध्ये तो आपल्या बाजूनं बंद झाला. मामांचं म्हणणं रस्ता बंद केला ते बरोबरच, सरांचं म्हणणं असे रस्ते सगळ्यात शेवटी बंद करावेत. मी सरांकडं झुकतो, पण मामांनी हाताखालचे जवान सीमेवर पाठवलेले आहेत, त्यांच्याशी वाद कोण घालणार.

आता वाकडं. सरांची ‘वाटून घेता येतं का’ ही फूटपट्टी आयसिसला लागत नाही, ज्याला अख्खी दुनिया पाहिजे त्याच्याशी वाटणी कसली? तिथं पैसा अडवणं हाच मार्ग, आणि तो भाग शेवटच्या रविवारी धावतपळत उरकला. दहशतवादाचा पैसा अडवणाऱ्या एफएटीएफ ह्या आंतरराष्ट्रीय गटाच्या ग्रे लिस्टमध्ये (नजर ठेवायच्या देशांची यादी) पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ होता, चीननं हरकत मागं घेतल्यावर १ मे २०१९ ला जैशचा मसूद अझहर यूएनच्या दहशतवाद्यांच्या यादीत आला, भारतानं १९९६ मध्ये यूएनमध्ये मांडलेला दहशतवादविरोधी करार दहशतवाद कशाला म्हणायचं ह्या व्याख्येवरूनच अजून अडकलाय, एवढं सगळं पाऊण तासात. म्यानमार आणि श्रीलंकेतल्या बौद्ध कट्टर संघटना तर एका स्लाइडवर. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले, आपल्या शेजारचा विषय, त्याला एक स्लाइड? सुन्नी सौदी आणि शिया इराणचं मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये जुळलं तेही मीच विचारलं म्हणून निघालं, शिया-सुन्नी वैर हजार वर्षांचं म्हणणाऱ्यांना ते दाखवायलाच पाहिजे होतं.

नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, नकाशे काळेकुट्ट, सीमा दिसतच नाहीत. त्याचे वेगळे १५० घेतात, घेऊ नका, स्वतःची वही न्या. दोन पंख्यांपैकी एक फिरतो, त्याच्याखाली बसायला पंधरा मिनिटं आधी जा. गाडी आतल्या गल्लीत लावा, मेन रोडवर ट्रॅफिकवाले उचलतात.

नुसते एमसीक्यू घोकायचे असतील तर इथं पैसे घालू नका, मेन्सचं उत्तर लिहायचं असेल तर जा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, आणि पैसा अडवण्याचा आणि यूएनचा भाग आधी घ्या म्हणून पहिल्याच दिवशी सरांच्या मागं लागा.