तडकलेल्या टाकीचे हॉट एअर वेल्डिंग : आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात टाकी रिकामी करून सांधा आतून-बाहेरून तपासला, आणि आता या दुरुस्तीविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटले. टाकी काळ्या पॉलिइथिलीनची, हजार लिटरची. खालच्या जोडनळीशेजारी वीतभर आडवी चीर. तेवढ्यासाठी धडधाकट टाकी भंगारात घालायला माझे मन तयार नव्हते. आधी एपॉक्सी लावून पाहिले होते, पण पॉलिइथिलीनला सहसा गोंद धरत नाही. टाकी भरली की भिंत फुगते, रिकामी झाली की आत येते आणि लेप खपलीसारखा सुटतो.

मग हॉट एअर गन, म्हणजे प्लास्टिक वितळवण्याइतकी गरम हवा सोडणारे यंत्र, घेतली. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोके पाडली, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने उथळ खाच केली, कडा फडक्याने पुसल्या आणि प्लास्टिकची बारीक कांडी, म्हणजे वेल्डिंगची रॉड, वितळवून भरली. तीन महिने मी या कामाची स्तुती करत होतो. चौथ्या महिन्यात थेंब दिसू लागले, तेव्हा सगळा दोष मी गनच्या अपुऱ्या उष्णतेला दिला.

ते मत मला बदलावे लागले. पकडीने ओढताच जुनी रॉड एका पट्टीत निघून आली आणि तिची खालची बाजू गुळगुळीत होती; म्हणजे रॉड वितळली होती, टाकी वितळलीच नव्हती. खाचेत जळकट थर होता आणि कडांवर उन्हाने व हवेने खराब झालेली जुनी साल तशीच होती. त्यामुळे आता माझा सर्वांत मोठा आग्रह खरवडण्याचा आहे. या वेळी धारदार पात्याने खोल खाच कोरली, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे रुंदीचा भाग करडेपणा जाऊन ताजा काळा रंग दिसेपर्यंत खरवडला, रॉडही खरवडली आणि हात न लावता लगेच काम सुरू केले. या एका गोष्टीला पैसा लागत नाही, आणि तरीही तीच बहुतेकांकडून राहून जाते.

दुसरी तक्रार विक्रेत्याची. 'प्लास्टिकची रॉड' म्हणून मला पॉलिप्रॉपिलीनची मिळाली होती, आणि ती पॉलिइथिलीनशी एकजीव होत नाही. दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणून तरंगवून फरक कळत नाही. प्लास्टिकवर उमटवलेल्या त्रिकोणी खुणेतला आकडा पाहावा. २ किंवा ४ म्हणजे पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. जोडनळीसाठी भोक पाडताना निघालेली टाकीची चकती मी जपून ठेवली होती; तिच्यावर रॉड जोडून, थंड झाल्यावर ओढून पाहिली, आणि ती सुटण्याऐवजी ताणली गेली तेव्हाच टाकीला हात घातला.

पॉलिइथिलीन साधारण १२५ अंशांना वितळते, पण गनची हवा त्याहून बरीच गरम, तीनशे अंशांच्या आसपास लागते. रॉड आणि भिंत एकाच वेळी चकाकू लागली की दाबावे. धूर निघाला तर प्लास्टिक जळत आहे असे समजावे. थंड करण्यासाठी पाणी ओतू नये. आतून वेल्डिंग करताना हवा खेळती हवी आणि बाहेर माणूस थांबलेला हवा.

दुसरा सांधा पाच महिने कोरडा आहे. मात्र चीर पडली होती ती लोंबकळणाऱ्या नळीच्या ओझ्याने, हे मला उशिरा लक्षात आले. आता नळीखाली टेकू दिला आहे.